हॅन्डल थरथरतं तेव्हा शॉकअपच्या आधी काय बघायचं

आर्णी तालुक्यातल्या एका कास्तकार भावाचा प्रश्न आहे. गाडी स्प्लेंडर प्लस, २०१६ चं मॉडेल, तारांची चाकं, साठ हजार किलोमीटरच्या वर चाललेली. ताशी ५० च्या आसपास अ‍ॅक्सिलेटर सोडला आणि हॅन्डलवरची पकड जरा सैल केली की हॅन्डल थरथरायला लागतं. यवतमाळहून खताच्या दोन गोण्या मागे बांधून येताना ७० च्या पुढे गेलं की सगळी गाडीच डुलते. गावातल्या मिस्त्रीचा सल्ला आहे की मागे गॅसचे शॉकअप आणि दोन्हीकडे जाड टायर टाका. भावाला विचारायचं आहे, कोणते शॉकअप घ्यावेत?

भाऊ, शॉकअपचे पैसे सध्या खिशातच राहू द्या. चांगल्या शॉकअपने गाडी आरामशीर होते, पण थरथरीचं मूळ बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. कुठेतरी ढिलेपणा आलेला असतो, काहीतरी वाकलेलं असतं, नाहीतर वजन चुकीच्या जागी बसलेलं असतं. ते तसंच ठेवून मागे कडक शॉकअप चढवले तर खड्ड्याचा दणका चेसिसमधून थेट पुढे येतो आणि ढिल्या हॅन्डलला आणखी हलवतो. नवे शॉकअप टाकून थरथर वाढलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात.

तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, त्या एकत्र करू नका. ५० वर हात सैल सोडल्यावरची थरथर ही पुढच्या भागाची खोड. त्यात फक्त हॅन्डल आणि पुढचं चाक डावी-उजवीकडे भराभर हलतं, सेकंदाला सहा-आठ वेळा. बाकी गाडी सरळ चाललेली असते. ७० च्या पुढे वजन घेऊन जे डुलणं आहे ते सावकाश असतं, सेकंदाला दोन-तीन झोके. त्यात मागचा भाग आधी सरकतो आणि हॅन्डल त्याच्यामागे जातं. त्याचं मूळ मागे असतं: चिमटा (चेसिसला जोडलेला, मागचं चाक धरणारा वर-खाली हलणारा भाग), मागचं चाक, मागची हवा, मागचं वजन. तिसरा एक प्रकार तुम्ही सांगितला नाही, पण बघून घ्या. फक्त ब्रेक दाबल्यावरच हॅन्डल हलत असेल तर ब्रेकचा ड्रम लंबगोल झालेला असतो, त्याचा या दोन्हींशी संबंध नाही.

हे आताच का जाणवायला लागलं, असंही तुम्हाला वाटत असेल. तुमच्याकडून जाणारा ३६१ नंबरचा महामार्ग सिमेंटचा झाला. आधी खड्ड्यांमुळे कुणी ४० च्या वर जातच नव्हतं, आता तीच गाडी ७०-८० ने जाते. ढिलेपणा तेव्हाही असेल, तो दिसावा इतका वेग मिळत नव्हता. शिवाय सिमेंट रोडच्या कडेला मुरमाची बाजू खाली गेलेली असते. त्या कडेवरून चाक वर चढवताना हॅन्डलला जो झटका बसतो, त्याने सुस्त पडलेली थरथर जागी होते.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवावीच लागणार, म्हणून हे आधी सांगतो. हॅन्डल थरथरायला लागलं की ते आवळून धरू नका. आवळल्याने तुमच्या हातांची ताकद त्या हेलकाव्यात मिसळते. हात नरम ठेवा, गुडघ्यांनी टाकी दाबून धरा, छाती थोडी पुढे न्या म्हणजे पुढच्या चाकावर वजन येईल, आणि अ‍ॅक्सिलेटर हळूहळू कमी करा. पुढचा ब्रेक झपकन दाबायचा नाही. मागे कुणी बसलं असेल तर त्याला पुढे सरकून बसायला सांगा. आणि दोन गोण्या लादलेल्या असताना तूर्त पन्नासच्या वर जाऊ नका.

आता कारणांकडे येऊ. हॅन्डलची जी मान आहे, म्हणजे चेसिसचा तो तिरपा पाइप ज्यात कोनसेट (हॅन्डल ज्यावर फिरतं तो कप आणि गोळ्यांचा संच) बसतो, तिची रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत न्या. ती रेघ टायर जमिनीला टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. आठ-दहा सेंटिमीटरचा हा फरक असतो. म्हणून चाक नेहमी त्या रेघेच्या मागे ओढलं जातं आणि आपोआप सरळ राहतं. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं पुढचं चाक असंच ओढलं जातं आणि त्याचा खिळा ढिला झाला की तेच चाक फडफडायला लागतं. तुमच्या हॅन्डलचं नेमकं हेच होतं. चाकाला सरळ ठेवणारी ओढ तीच, पण मधे ढिलाई आली की ते सरळ रेषा ओलांडून पलीकडे जातं, परत येतं, परत ओलांडतं.

हे कळलं की वजनाची गोष्टही कळते, आणि आपल्याकडे या गोष्टीकडे फार कमी लक्ष जातं. युरियाची गोणी ४५ किलोची. दोन गोण्या म्हणजे ९० किलो. कॅरिअरवर बांधल्यावर त्यांचा मध्य मागच्या एक्सलच्या साधारण वीतभर मागे जातो. स्प्लेंडरच्या दोन चाकांतलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास आहे. हिशेब केला तर पुढच्या चाकावरचा सुमारे पंधरा किलो भार उचलला जातो. ज्या चाकाने गाडी सरळ धरायची तेच हलकं झालं. त्याच गोण्या पुढे ओढून अर्ध्या सीटवर आणल्या, म्हणजे मध्य एक्सलच्या पुढे आला, तर पुढचं चाक जमिनीला धरून राहतं. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना खाली लटकवलेली गाडी त्याच वजनाच्या उंच चुंगडीपेक्षा सरळ जाते, तेही वजन खाली असल्यामुळेच. फवारणीचा भरलेला पंप कॅरिअरच्या टोकाला उभा बांधून नेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पंप वावरात जाऊन भरा. पंपात पाणी डचमळतं आणि प्रत्येक डचमळीला मागचा भाग सरकतो. हॅन्डलला पिशव्या अडकवणंही बंद करा.

हवा बघा. स्प्लेंडरला पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि डबलसीट किंवा वजन असेल तर ४० पीएसआय. चेनकव्हरवरच्या स्टिकरवर हे लिहिलेलं असतं. पंक्चरवाल्याकडे मोजमाप न करता अंगठ्याने दाबून भरलेली हवा चालणार नाही. मागे २८ वर दोन गोण्या टाकल्या की टायरची बाजू पिळली जाते आणि ७० वर जे डुलणं आहे त्यातलं बरंचसं इथूनच येतं. हवा टायर गार असताना, सकाळी निघण्याआधी मोजा. उन्हाळ्यात दुपारी रस्ता तापल्यावर मोजलेला आकडा जास्त दाखवतो आणि लोक हवा काढून टाकतात.

चाकाला अडकलेली माती हा आपल्या काळ्या मातीचा खास प्रकार. पांदणीतून गाडी काढली की चिखल रिमच्या आतल्या बाजूला, तारांच्या मुळाशी जाऊन बसतो आणि उन्हात वाळून सिमेंटसारखा घट्ट होतो. एका बाजूला पावशेर माती चिकटली की चाकाचा तोल गेला. पावसाळ्यात थरथर सुरू झाली म्हणून आलेल्या गाडीचं चाक मी आधी काडीने खरवडून धुवून घेतो, मगच पाना हातात घेतो. धुताना प्रेशरचं पाणी कोनसेटवर आणि हबच्या बेअरिंगवर थेट मारू देऊ नका. तिथलं ग्रीस एका मिनिटात निघून जातं.

मग गाडी डबल स्टँडवर लावा, इंजिनखाली फळी आणि विटा ठेवून पुढचं चाक उचला आणि फिरवा. एक तार किंवा पेन्सिल फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांपैकी एकाला) बांधून तिचं टोक रिमजवळ आणा आणि चाक हळू फिरवताना मधली फट बघत राहा. फट दोन मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-जास्त होत असेल तर चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या. तारा एकेक करून पान्याने वाजवा. ‘टण’ आवाज येणारी तार ताणलेली, ‘ठप’ वाजणारी ढिली. चार-पाच ढिल्या तारा सापडणं म्हणजे नवल नाही. टायर रिमवर नीट बसला का तेही बघा. टायरच्या बाजूला रिमला लागून एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती रिममध्ये लपली असेल तर टायर तिथे दबून बसलाय. पंक्चर काढल्यावर घाईत चढवलेल्या टायरचं हे ठरलेलं आहे. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीखही असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर नक्षीचे गोटे दिसत असूनही कडक होऊन जातो. पाच-सहा वर्षांचा टायर असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

पुढचं चाक वर उचललेलंच आहे तर ते वर-खाली धरून बाजूने हलवा. खटखट झाली तर चाकाचं बेअरिंग गेलं. बेअरिंग बदलताना दोन बेअरिंगच्या मधली नळी परत बसलीच पाहिजे. ती नसेल तर एक्सल आवळल्यावर बेअरिंग दाबली जातात आणि महिनाभरात पुन्हा खराब होतात. आणखी एक, पुढची ब्रेकप्लेट बसवताना तिची खाच बॉटमवरच्या (फोर्कच्या खालच्या जाड नळीवरच्या) उंचवट्यात अडकलेली आहे याची स्वतः खात्री करा. ती चुकली तर ब्रेक दाबल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरते आणि माणूस जागेवर पडतो. चाक काढलं की दर वेळी हे बघायचं.

आता कोनसेट. तुमच्या गाडीचे किलोमीटर आणि लक्षणं बघता माझा पहिला संशय यावर आहे.

पुढचं चाक तसंच जमिनीपासून उचललेलं ठेवा. दोन्ही हातांनी फोर्कचे बॉटम धरा आणि पुढे-मागे ओढा. दुसऱ्या माणसाला खालचा टी (फोर्कचे दोन्ही पाइप एकत्र धरणारा आडवा भाग) आणि चेसिसची मान यांच्या सांध्यावर बोट टेकवायला सांगा. खटका त्याच्या बोटाला जाणवला तर कोनसेट ढिला. खटका खाली बॉटमच्या आतून येत असेल तर फोर्कच झिजलाय. ही बोटाची खूण विसरू नका, कारण हातात दोन्ही खटके सारखेच लागतात. त्यानंतर हॅन्डल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. बरोबर मधे, चाक सरळ असताना, हॅन्डल किंचित अडकून बसल्यासारखं वाटलं तर कपामध्ये गोळ्यांचे खड्डे पडलेत. गाडी आयुष्यभर सरळच चालते, म्हणून सगळे दणके त्याच जागी बसतात. असा कोनसेट आवळून उपयोग नाही. आवळला तर त्या खाचेत आणखी घट्ट बसतो, ढिला केला तर थरथरतो. वरचे-खालचे कप, कोन आणि गोळ्या असा पूर्ण संच बदलायचा. काही शे रुपयांचं सामान आहे. जुन्या कपात नव्या गोळ्या टाकणं म्हणजे पैसे वाया.

बसवण्यात खरी कारागिरी आहे. नवा कप हातोडीने एका बाजूने ठोकला तर तिरपा बसतो. लाकडाचा ठोकळा किंवा जुना कपच वर ठेवून सारखा उतरवावा. ग्रीस भरपूर, पाण्याने न धुपणारं. मग खाचांची नट आवळायला छिन्नी-हातोडी वापरू देऊ नका, सी पाना लागतो. छिन्नीने अंदाज राहत नाही. नट आधी घट्ट करायचा, हॅन्डल चार-पाच वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवायचं म्हणजे गोळ्या जागेवर बसतात, आणि मग नट साधारण एक अष्टमांश फेरा मागे घ्यायचा. चाक मधोमध ठेवून बोटाने हलकासा धक्का द्या. हॅन्डल आपल्या वजनाने एका बाजूला पडलं पाहिजे आणि खटका अजिबात नको. वरचा मोठा नट आवळल्यावर हे सगळं परत तपासा, कारण तो नट आवळताना खालचा नटही किंचित दाबला जातो. जास्त घट्ट केलेल्या कोनसेटची गाडी कमी वेगात नागमोडी जाते, सरळ धरताना सारखी दुरुस्त करावी लागते. लोकांना वाटतं की टायर खराब आहे.

बाजारात टेपर रोलरचा कोनसेटही मिळतो. तो गोळ्यांपेक्षा दणके जास्त सोसतो आणि गिट्टीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी तोच सुचवतो. पण मापाचाच घ्या. उंचीत फरक असला तर टी वर-खाली होतो.

फोर्कबद्दल थोडक्यात. गाडी कधी रोही किंवा रानडुकराला धडकली असेल, रपट्यावर पडली असेल, तर पाइप वाकलेला असू शकतो. पाइप काढून लेथवर फिरवून बघतात. ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेला पाइप सरळ करून घेण्यापेक्षा बदलावा. पाइप सरळ असूनही हॅन्डल सरळ धरल्यावर चाक तिरकं दिसत असेल तर टी पिळला गेलाय. खालच्या टीचे बोल्ट, एक्सल आणि मडगार्डचे बोल्ट ढिले करून, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-सहा वेळा दाबा आणि खालून वर क्रमाने आवळा. बरेचदा एवढ्यानेच सरळ होतं. काही जण गाडीचं तोंड खाली दिसावं म्हणून पाइप टीमधून वर सरकवतात. त्याने मानेचा कोन उभा होतो, मघाशी सांगितलेली ओढ कमी होते आणि थरथर आपण स्वतःच विकत घेतो. पाइपची वरची टोकं कंपनीने ठेवली तिथेच ठेवा.

मागच्या बाजूला चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा आणि नजर चिमट्याच्या बुशवर ठेवा. तिथे जरा जरी हालचाल दिसली तर बुश बदला. वजनाखाली डुलण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आणि सगळ्यात दुर्लक्षित, कारण बुश काढायला चिमटा उतरवावा लागतो आणि तेवढा वेळ कुणाला नसतो.

चेन ताणताना मागचं चाक तिरकं होतं. चिमट्यावरच्या खुणांवर डोळे झाकून विसंबू नका, गवंड्याची दोरी घ्या. दोरीचा मध्य मागच्या टायरच्या मागच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर वर बांधा आणि दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढे ताणा. तुमच्या गाडीला पुढे-मागे २.७५-१८ चे, म्हणजे एकाच रुंदीचे टायर आहेत. दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला आणि पुढच्या टायरच्या दोन्ही कडांना जेमतेम टेकली पाहिजे. एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला दोरी दबलेली दिसली तर मागचं चाक तिरकं आहे. अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा फिरवून सरळ करा, मग चेनची ढील २०-३० मिलिमीटर ठेवा.

जाड टायरचा सल्ला मात्र साफ सोडून द्या. तुमची रिम १.६ इंच रुंद आहे. तिच्यावर १००/९० चा टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, माथा फुगतो, आणि गाडी वळणावर एकदम पडल्यासारखी झुकते. मागे फार तर ३.००-१८ चालेल, पुढे कंपनीचंच माप. मागच्याला सहा प्लायचा टायर घ्या, पुढचा चार प्लायचा टायर मागे कधीच नको.

हे सगळं झालं की हॅन्डल सरळ झालेलं असेल. आता शॉकअपचं बोलू, कारण साठ हजार किलोमीटरनंतर तेही थकलेत यात शंका नाही.

सीटचा मागचा भाग दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर शॉकअपमध्ये जीव आहे. दोन-तीन वेळा उसळला, किंवा दांड्याला तेल लागलेलं दिसलं, तर बदला. गॅसबद्दल मोठा गैरसमज आहे. वजन पेलते ती स्प्रिंग. गॅस म्हणजे नायट्रोजन, त्याचं काम एवढंच की खडबडीत रस्त्यावर शॉकअपमधल्या तेलाला फेस येऊ नये. तेलाला फेस आला की शॉकअप ढिला पडतो. म्हणजे लांबवर खराब रस्त्याने जाणाऱ्याला गॅसचा फायदा आहे, दोन गोण्या पेलायला नाही. आणि स्वस्त मालात बाजूला डबा दिसला म्हणून त्यात गॅस असेलच असंही नाही. तुमच्या कामाला जाड तारेची स्प्रिंग असलेला, चांगल्या कंपनीचा साधा तेलाचा शॉकअप बरा. दोन्ही एकदमच बदला, एक जुना एक नवा नको.

लांबी अगदी मूळ मापाची, वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत. एक इंच लांब शॉकअप टाकला की मागचा भाग उचलला जातो आणि मानेचा कोन एका अंशाहून जास्त उभा होतो. खालच्या खाचांची रिंग फिरवल्याने स्प्रिंग कडक होते असं समजतात, तसं होत नाही. गाडी फक्त वर उचलली जाते. एकटे असताना खालची खाच, गोण्या असतील तेव्हा वरची, दोन्ही बाजूंना सारखी. बरोबर किती, ते मोजून ठरवा. गाडी डबल स्टँडवर असताना मागच्या एक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या, मग खाली उतरवून तुम्ही बसल्यावर परत घ्या. फरक २५ ते ३० मिलिमीटर आला तर ठीक.

पुढे नवं सील, नवं फोर्कतेल आणि स्प्रिंगची लांबी नव्या स्प्रिंगशी ताडून बघणं, एवढं पुरे आहे. तेल १० डब्ल्यूचं, दोन्ही पायांत मापट्याने सारखं. इंजिनचं २०डब्ल्यू४० ऑइल फोर्कमध्ये ओतायची सवय आपल्याकडे सगळीकडे आहे. ते बारीक छिद्रांतून वेळेवर सरकत नाही, लागोपाठ खड्डे आले की फोर्क वर यायच्या आधीच परत दाबला जातो आणि खालीच बसून राहतो. तेल जास्तही नको. वरची हवेची जागा कमी झाली की सील फुटतं. पाइपवर रबरी बूट चढवून घ्या. काळ्या मातीची वाळलेली भुकटी सीलमध्ये जाते आणि क्रोम खरवडते, ते बुटाने टळतं. लांब चिमटा लावणं किंवा चेसिस कापणं असलं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो बदल बेकायदा आहे आणि विम्याच्या वेळी अडचण येते.

नवा कोनसेट पहिल्या चार-पाचशे किलोमीटरमध्ये किंचित बसतो, तेव्हा तो बसवणाऱ्या मिस्त्रीकडे परत जाऊन बोटाची चाचणी करून घ्या आणि गरज असेल तर नट जरासा आवळून घ्या. त्याच फेरीत तारा पण वाजवून बघा, आउट काढलेल्या चाकाच्या तारा सुरुवातीला ढिल्या पडतात. त्यानंतर रिकाम्या गाडीने सिमेंट रोडवर ५० ला हात नरम करून बघा, मग एक गोणी घेऊन, मग दोन.